उलट्या टिपेचा बुरखा

“बुरखा हाय ना तोंडावर? मग चालंल.”

शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात मला मुख्य काम मिळालं, हे मी धापा टाकत घरी येऊन सांगितलं, त्यावर आई एवढंच म्हणाली. मशीनवरून मानही वर केली नाही. दाताखाली दोरा धरला होता, तो तोडला आणि परत दांडा फिरवायला लागली. मी उंबऱ्यातच उभी. दुसऱ्या कुणाच्या आईनं काय केलं असतं मला ठाऊक नाही. मला एकच आई होती.

आता माझं वय झालंय, कुणाची भीड धरायचे दिवस गेले. तेव्हा सांगूनच टाकते. माझ्या आईसारखा हात नगरच्या आख्ख्या मिशनच्या आवारात कुणाचा नव्हता, आणि तिच्यासारखी जीभही कुणाची नव्हती. वडील मिरजगावला मास्तर. सुट्टीला यायचे, जेवायचे, प्रार्थना म्हणायचे आणि परत जायचे. घरात आम्ही तिघी: आई, अक्का आणि मी. अक्का देखणी. उगाच म्हणायचं म्हणून नव्हे, खरंच देखणी. रविवारी देवळात ती उठून गायला लागली की पुरुषांच्या बाजूची पुस्तकं उलटी धरली जायची. आणि मी म्हणजे मी.

मला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडावर एक जागा कोरी राहिली नाही. चाळीच्या पलीकडे एक शेतकऱ्याचं घर होतं, तिथली म्हातारी मला बघितलं की हात जोडायची. “देवीआईचा हात फिरलाय गं पोरी तुझ्या तोंडावरनं,” म्हणायची आणि गूळ द्यायची. आई ते ऐकून भडकायची. “आपल्यात देवी-बिवी न्हाई. फोड म्हणायचं.” घ्या! हिंदूंच्या घरी मला निदान गूळ तरी मिळायचा. आमच्या घरी देवी नाही म्हटल्यावर तो मानही गेला, राहिले नुसते फोड.

नाटक होतं आमच्या नगरच्या राणीचं, सुलतानाचं. नगरच्या पोरीला ती कोण हे सांगावं लागत नाही. किल्ल्याला भगदाड पडलं तेव्हा तोंडावर बुरखा घेऊन, हातात नागवी तलवार घेऊन तटावर उभी राहिली ती. पुढे तिच्याच माणसांनी फितुरीचा आळ घेऊन तिला मारलं. आमची ती शाळेची वर्षं म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. त्याच किल्ल्यात इंग्रज सरकारनं मोठमोठे पुढारी आणून कोंडले होते, त्यामुळे शाळेत सगळे जपूनच बोलायचे. नाटकातल्या शत्रूच्या सैनिकांना तोंडाला पावडर लावायची नाही, गोरे दिसतील, अशी ताकीद होती. नाटक आमच्या मराठीच्या बाईंनी लिहिलं होतं. बाईंनी मला का निवडलं ते त्यांनी वर्गातच सांगितलं, “हिचा आवाज मागच्या भिंतीला जाऊन आपटतो.” वर्गातल्या एकीनं लगेच विचारलं, “पण बाई, तोंड?” बाई म्हणाल्या, “बुरखा आहे.” म्हणजे बाईंनाही ते सुचलं होतंच. पण पुढे त्या म्हणाल्या, “शेवटपर्यंत.”

शेवटपर्यंत म्हणजे शेवट सोडून. शेवटच्या प्रवेशात सुलतानाचे शिपाई तलवारी उपसून महालात शिरतात. ती म्हणते, “मारायचंच असेल तर आधी हे तोंड बघा, आणि मग मारा!” आणि बुरखा ओढून काढते. बाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मला त्या वाक्यापायी सगळं नाटक हवं होतं. रस्त्यानं जाताना लोक माझ्याकडे बघून नजर फिरवायचे, चर्चात पोरी माझ्या शेजारची जागा सोडून बसायच्या. एकदा, फक्त एकदा, आख्ख्या आवारानं माझ्याकडे तोंड करून बसावं, आणि मी म्हणावं, बघा. आणि कुणाला मान फिरवता येऊ नये. बस्स, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही नको.

कापड कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न. तेव्हा कंट्रोल होता. कापडाच्या दुकानापुढे रांग लावून माणसाला धोतर मिळायचं नाही, तिथं सुलतानाला मखमल कोण देणार? शेवटी मिशनच्या बंगल्यातल्या मडमसाहेबांनी दिवाणखान्याचे जुने पडदे दिले. हिरवे, मखमली. उन्हानं त्यांच्यावर फिकट पट्टे उठले होते आणि खालच्या बाजूला कसरीनं चाळण केली होती. आईनं पडदे जमिनीवर अंथरले, त्यांच्याभोवती गुडघ्यांवर फिरली, हात फिरवून मखमलीचा केस कुठल्या अंगाला पडतो ते बघितलं. एका बाजूनं हात फिरवला की रंग गडद, उलट फिरवला की फिकट. खडूनं खुणा केल्या. मग कात्री घेतली. तिला तसं कापताना बघणं, काय सांगू, मला तेव्हाही आवडायचं. तिचा राग यायचा तरीही आवडायचं.

बाईंच्या पुस्तकातल्या चित्रावरून झगा बेतायचा होता. वर छातीशी घट्ट, लांब बाह्या, कमरेखाली कळ्याकळ्यांचा मोठा घेर, आत सुरवार. पेशवाज म्हणतात त्याला. आईचा एक नियम होता: खोट आत घालायची. फिकट पट्टे तिनं शिलाईच्या आत दाबले, कसरीची भोकं कळ्यांच्या दुमडीत गेली, आणि एक पट्टा कुठंच जाईना तेव्हा त्याच्यावर अक्काकडून आजीच्या फाटक्या लुगड्याचे जरीचे काठ लावून घेतले. झगा उभा राहिला तेव्हा चाळीतल्या बाया बघायला आल्या. “अगं बया! हा पडदा व्हय?” आई म्हणायची, “कापडात खोट असतीच. झाकता आली पायजे.” आणि बोलता बोलता माझ्याकडे बघायची. उगाच नव्हे, मुद्दाम बघायची.

माप घेताना तर छळच. मला स्टुलावर उभी करायची, टाचण्या लावायची, आणि मी हलले की टाचणी आत. “हलू नगंस.” “आई, टोचतंय.” “टोचू दे. त्या वक्ताला टोचून घेतलं असतंस तर ही पाळी आली नसती.” देवी टोचणारा चाळीत आला होता तेव्हा मी दीड वर्षाची होते. मी काय दंड पुढे करून “टोचा” म्हणायला हवं होतं? तापात होते म्हणून तिनंच मला पोटाशी धरून आत नेलं होतं, हे मला अक्कानं पुढे सांगितलं. पण आमच्या घरात चूक अशीच फिरायची. कुणाचीही असो, शेवटी माझ्या तोंडावर येऊन बसायची.

बुरखा राहिला होता. त्याला पातळ कापड हवं, नाहीतर मला दिसणार कसं? मच्छरदाणीची जुनी जाळी काळ्या रंगात बुडवून आईनं वाळत घातली. बाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या, “टोपीला नुसता कच्चा धावदोरा घाला हं. हिनं ओढला की सुटून हातात यायला हवा. सगळं नाटक त्यावर आहे.” आई म्हणाली, “व्हय बाई.” अगदी गोड म्हणाली.

ती गोड बोलली तिथंच मला कळायला हवं होतं.

पण मधेच एक गोष्ट झाली. अक्कासाठी कोल्हारचं स्थळ आलं. चांगलं घर, नदीकाठची बागायत, मुलगा शिकलेला. आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी शब्द टाकला होता. मुलाची आई म्हणाली, “मुद्दाम पोरगी बघायला कशाला? गॅदरिंगला येतो. सगळ्यांच्यात बघू, तिला अवघडल्यावानी न्हाई व्हनार.” आणि जाता जाता पाळकसाहेबांना विचारलं होतं, घरात काही खोट नाही ना? रोग, वेड, डाग? पाळकसाहेबांनी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, “काय पन न्हाई.” मी तिथंच चुलीपाशी भाकरी थापत होते. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा संपवला.

त्या दिवसापासून आईनं मला नाटकातून काढायचा प्रयत्न केला. पोट दुखतंय म्हण, घसा बसलाय म्हण. मी म्हटलं, “माझं पोट दुखत नाही आणि घसाही बसला नाही.” तिनं फुंकणी उचलली. मार खाल्ला, पण नाटक सोडलं नाही. अक्का रात्रभर, म्हणजे मला झोप लागेपर्यंत तरी, माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, “आईचं ऐक की गं.” मी तिचा हात झटकला. माझी बाजू घेणारं एक माणूस घरात होतं, तेही लग्नाच्या बाजूला गेलं.

मग एके दिवशी आई एकदम मवाळ झाली. “कर बाई नाटक. बुरखा हायच तोंडावर.” मला वाटलं, फुंकणी हरली. वेडी मी!

नाटकाच्या दिवशी दुपारी तिनं मला स्वतः सजवलं. माझे केस तिनं कधी विंचरले नव्हते, त्या दिवशी विंचरले. वेणी घट्ट घातली, टोपी चढवली, टोपी केसांना आकड्यांनी बांधली. बुरखा टोपीला लावलेलाच होता. मी चाचपायला हात वर केला, तर हातावर चापट. “घडी मोडंल.” मी हात खाली घेतला. आईचा हात डोक्यावरून फिरत होता, तेवढ्यानंच मी पाघळले होते, खोटं कशाला बोलू.

शाळेच्या मैदानात मांडव. ऊन कलतं. पुढच्या खुर्च्यांवर मडमसाहेब, पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी कोल्हारची पाहुणी, म्हणजे मुलाची आई, हिरव्या लुगड्यातली भरदार बाई. आई तिच्या मागे. अक्का बाजूला खाली मान घालून. मी पहिला प्रवेश केला आणि आवाज खरंच मागच्या भिंतीला आपटला. लोक सावरून बसले. पेशवाजचा घेर वळताना असा फिरायचा की पुढच्या पोरी “हाऽऽ” करायच्या. तटावरचा प्रवेश झाला, टाळ्या पडल्या. जाळीतून मला सगळे दिसत होते, मी कुणाला दिसत नव्हते.

शेवटचा प्रवेश आला. कोळशाच्या मिशा काढलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी लाकडी तलवारी घेऊन आत घुसल्या. मी म्हटलं, “मारायचंच असेल तर आधी हे तोंड बघा, आणि मग मारा!” आणि बुरखा ओढला.

आला नाही.

परत ओढला. टोपीसकट केस ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. मागून एक पोरगी फिसकन हसली. बोटांनी वर चाचपलं तेव्हा कळलं. धावदोरा नव्हताच. उलटी टीप होती. प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे घातलेला, दुहेरी दोऱ्याची, मेण लावलेली, टोपीच्या या कानापासून त्या कानापर्यंत. गोणी शिवावी तशी आईनं मला आत शिवून टाकली होती. मी जाळीतून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, हात मांडीवर ठेवून, शांत. काम चोख झालेल्या बाईसारखी.

मग माझं टाळकंच सरकलं. दोन्ही मुठींत जाळी धरली आणि फाडली. टीप पक्की होती, ती उसवली नाही. पण जाळी जुनी होती. टर्र असा आवाज मैदानभर गेला. अर्धी जाळी हातात, अर्धी कानाशी लोंबतेय, केस विस्कटलेले, डोळ्यांतून पाणी, आणि तोंड उघडं. मी ओरडले, “बघा! बघा की!” हे नाटकात नव्हतं.

कुणी हललं नाही. कुणी मान फिरवली नाही. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मग मिशीवाल्या पोरींनी मला मारलं, मी पडले, आणि पडदा ओढला तेव्हा टाळ्या अशा पडल्या की मांडवाचे बांबू हलले. पडल्या पडल्या मी हसत होते. आयुष्यात तेवढं सुख मला परत झालं नाही, आणि ते किती वेळ टिकलं म्हणाल तर पडद्यामागं कोल्हारची बाई येईपर्यंत.

ती आली, मागोमाग आई. पाहुणीचे डोळे रडून लाल. “सलाम, पोरी! काय रडवलंस गं! आन् काय रंगवलंय तोंड! लढाईच्या जखमा का काय ह्या? खरोखरचे वण वाटत्यात की. कशाचे केले, कणकीचे?” आणि तिनं माझ्या गालाकडे बोट नेलं.

आईनं ते बोट मधेच धरलं. “हात नका लावू. वलं हाय अजून.”

“निघंल का पर?”

“निघंल की. खोबरेल लावलं की साफ.”

“आन् ही पन थोरलीवानीच गोरी का?”

“थोरलीपरीस उजळ,” आई म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं. आईच्या मागे अक्का उभी होती. तिनं हात जोडले, मला, धाकट्या बहिणीला. मी तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

घरी आल्यावर आईनं दिवा लावला, खोबरेलाची बाटली घेतली आणि मला समोर बसवलं. मला वाटलं, केसांना लावतेय, आकड्यांनी डोकं सोललं होतं. तिनं तेल माझ्या गालांवर ओतलं आणि चोळायला लागली. अंगठ्यांनी, दाबून, एकेका वणात अंगठा घालून. एक शब्द नाही. कातडी पेटायला लागली तरी थांबेना. अक्का म्हणाली, “आई, अगं आई, काय करतीस?” तेव्हा तिनं हात काढले आणि माझ्यावरच खेकसली, “निघत न्हाईत!” जणू मीच धरून ठेवलेत ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणी चहाला आली. “आमची सुलताना कुठाय? धुतलेलं तोंड तर बघू.” मी आत ज्वारीच्या कणगीमागे बसले होते, आईनंच बसवलं होतं. आई म्हणाली, “मामासंगं काष्टीला गेली, पहाटंच.” म्हणजे मग मला खरंच काष्टीला जावं लागलं. पाहुणी गेल्यावर कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत बसवून मला आजोळी धाडलं. लग्न ठरलं, लग्न झालं. मामाचं सगळं घर नगरला लग्नाला गेलं आणि मी म्हशीला पाणी पाजत काष्टीत राहिले. कुणी विचारलं तर आजारी आहे म्हणायचं, असं ठरलं होतं.

पुढे अक्काला मुलगा झाला. त्याच्या बाप्तिस्म्याला मला न नेऊन चालेना, अक्कानं हट्टच धरला. कोल्हारला जाताना मी आईला विचारलं, “आता काय सांगायचं त्यांना?” आई म्हणाली, “तू गप बस. मी सांगितलंय.” काय सांगितलंय ते नाही सांगितलं.

देवळाच्या दारात अक्काची सासू उभी होती. मला बघितलं आणि तिच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली आलं. पुढे होऊन तिनं माझं तोंड दोन्ही ओंजळीत धरलं. या वेळी बोट कुणी अडवलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, बाई मनानं खरंच चांगली होती.

“कळलं गं माझे बाई. काष्टीत साथ आल्ती म्हनं. तुझ्या आईनं रडून सांगितलं समदं. नाटकापायी चांगल्या तोंडावर खोटे वण काढले, आन् देवानं खरे दिले.” आजूबाजूच्या बायकांनी “च् च्” केलं. एकीनं पोरीला पुढं ओढून माझं तोंड दाखवलं, बघ, असं होतं म्हणून. सासू माझ्या गालांवरून हात फिरवत राहिली. “देवानं दिलेल्या तोंडाशी खेळू न्हाई, लेकरा. त्यो क्षमा करील तुला.”

मी आईकडे बघितलं. ती बाळाला घेऊन माझ्या शेजारीच उभी होती, डोक्यावर पदर, मान खाली.

“आमेन,” आई म्हणाली.